कुत्र्यांचे लाडू

ती मला वर मिळाली होती.

मी सेकंड मालाचा धंदा करतो. छपाई सरकलेल्या, किनार फाटलेल्या, रंग बसलेला नाही अशा साड्या मिलवाले ढिगाने काढून टाकतात. त्या ढिगाला लॉट म्हणतात. तो लॉट घ्यायचा, उजेडात नेऊन पुन्हा निवडायचा आणि खानदेशातल्या आठवडे बाजारांत बसणाऱ्या लोकांना द्यायचा. या धंद्यात भाव ठरल्यावरही "वर काय?" असं विचारायची रीत आहे. दोन ब्लाउजपीस, एखादं पोतं, काहीतरी वर टाकल्याशिवाय खरेदी पुरी होत नाही. त्या दिवशी मी एका मारवाडी शेठला इतकं पिळलं होतं की "वर काय?" विचारल्यावर त्याने गोदामामागच्या पिल्लांकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "यह ले जा, और अब जा." मीही हट्टाला पेटलो. लॅब्रेडॉरचं काळं पिल्लू होतं, मादी. तिचे कान तिच्यापेक्षा मोठे दिसत होते. साड्यांच्या गठ्ठ्यावर बसवून मी तिला टेम्पोतून घरी आणलं.

बायको दारात उभी होती. पिल्लाकडे बघून एवढंच म्हणाली, "आते हाई कोन सांभाळी?"

सांभाळली तिनेच. पण कुत्री झाली माझी. माझा आवाज मोठा आहे. पंधरा वर्षं मी गुजरातेत, डिंडोलीच्या मराठी वस्तीत राहून लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवले. शंभर लूमच्या खडखडाटात जो बोलतो त्याचा आवाज लहान राहत नाही, आणि पुढे धंद्यात उतरल्यावर त्या आवाजाने मला पैसे मिळवून दिले. पण घरात त्याचं काय होतं ते मला माहीत आहे. मी ओरडलो की मुलगी पुस्तक उचलून आत जायची, बायको भांडी घासायला घ्यायची. ही मात्र उठून माझ्याकडे यायची आणि माझ्या पावलावर हनुवटी ठेवून बसायची. मी कोणावर ओरडतोय, का ओरडतोय, तिला कर्तव्य नव्हतं. मुलगी लग्न होऊन गेल्यावर तर घरात माझ्या आवाजाला न घाबरणारं एवढं एकच जनावर उरलं.

डिंडोली सोडून आम्ही शहराबाहेर कामरेजकडे रो-हाऊस घेतलं. आमच्या ओळीत सगळे काठियावाडी, मराठी घर आमचं एकटं. समोरच्या घरात एक म्हातारी बाई, मुला-सुनांबरोबर राहते. सगळी सोसायटी तिला बा म्हणते, आम्हीही म्हणायला लागलो. शाळेत गेलेली नाही, पण सोसायटीत कोणाचं लग्न कुठे जमवायचं हे ती ठरवते. सकाळचा पहिला रोटला गाईला, दुसरा कुत्र्याला, मग घरच्यांना, हा तिचा नेम. मला त्याचं काही वाटायचं नाही. आमच्याकडेही नैवेद्य काढतातच.

आठव्या वर्षी कुत्री पाणी जास्त प्यायला लागली. ऑक्टोबरचा उकाडा आहे, पीत असेल, असं मी म्हणालो. मग ती घरात लघवी करायला लागली, जे तिने पिल्लू असतानाही फारसं केलं नव्हतं. मी तिच्यावर ओरडलो, ती येऊन पावलावर हनुवटी ठेवून बसली. बायकोने मात्र अंगण धुताना एक गोष्ट पाहिली. कुत्री जिथे लघवीला बसली होती तिथे मुंग्यांची रांग लागली होती. तिने मला बोलावून दाखवली. दिवाळीच्या आधीचे दिवस होते, आमच्या मालाला वर्षात तेव्हाच उठाव असतो. मी म्हणालो, दिवाळी होऊ दे.

दिवाळी झाली तोवर तिच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या. खायची तर दुप्पट.

जनावरांची डॉक्टर एक तरुण बाई आहे. तिने कुत्रीच्या कानाच्या कडेला टोचून रक्ताचा थेंब काढला, मीटरला लावला. मीटरवर आकडाच आला नाही. तिची साखर त्या यंत्राच्या मापाबाहेर गेली होती. डॉक्टरीण माझ्याशी हिंदीत बोलायची. तिने सांगितलं की माणसाला होतो तोच हा रोग, पण कुत्र्याला गोळी चालत नाही. इन्सुलिनचं इंजेक्शन, दिवसातून दोनदा, मरेपर्यंत. आधी जेवण, जेवण पुरं झालं की सुई. बारा तासांनी पुन्हा तेच. मोजून ठरवलेलं अन्न, त्याच्या पलीकडे एक घास नाही. डोळ्यांत मोतीबिंदू येईल, तो बहुतेक येतोच, पण साखर ताब्यात आली तर ती आणखी चार-पाच वर्षं जगू शकते.

मी लगेच बोलणी सुरू केली. सवयच आहे. सकाळी सातला देता येईल, पण संध्याकाळी कापड मार्केटमधून यायला मला साडेनऊ होतात, तर सात आणि साडेनऊ चालेल का? ती नाही म्हणाली. मग नऊ? नाही. मग सकाळची सुई एकदम मोठी देऊन संध्याकाळची माफ करता येईल का? तिने कागद बाजूला ठेवला आणि म्हणाली, "काका, बारह मतलब बारह. यहाँ कुछ कम-ज़्यादा नहीं होता."

मला राग आला, पण आवडलंही. धंद्यात असं बोलणारा माणूस क्वचित भेटतो.

तिने आम्हा दोघांना शिकवलं. बाटली फ्रीजच्या दारात ठेवायची, हलवायची नाही, दोन तळहातांमध्ये हळू फिरवायची. सुई लाल टोपणाचीच घ्यायची, बाटलीवर चाळीस लिहिलं असेल तर सुईवरही चाळीसच पाहिजे. मानेच्या मागची कातडी चिमटीत धरायची, तंबूसारखी वर उचलायची आणि आत सोडायचं. रोज जागा बदलायची. बायकोला सुई टोचवेना, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी आठ युनिट दिले तेव्हा माझ्या कपाळावरून घाम गळत होता आणि ती ताट चाटत होती. तिने मान वळवूनही पाहिलं नाही.

त्यानंतर मी सातच्या ठोक्याला घरी पोचायला लागलो. तीस वर्षांत मी असं केलं नव्हतं. साडेपाचला मी मार्केटमधून उठायचो, बोलणी अर्धी असली तरी. एक दलाल सगळ्यांसमोर म्हणाला, "काय शेठ, घरात बाळंतीण आहे का?" सगळे हसले. मी त्याला म्हणालो, आहे, तुझ्या बापाला पाठव बारशाला. पण साडेपाचला उठायचं मी सोडलं नाही.

तीन आठवड्यांत पाणी कमी झालं. घरात लघवी बंद झाली. मीटरवर आकडे यायला लागले, आणि ते उतरत होते. एका सकाळी ती दारापर्यंत माझी चप्पल घेऊन आली, जे तिने महिनाभरात केलं नव्हतं. डॉक्टरीण म्हणाली, डोस बसतोय. तेवढे दिवस मला वाटलं की आपण ही वस्तू मिळवली.

मग डिसेंबरचा मध्य आला आणि गुजराती लोकांचे कमुरते सुरू झाले. संक्रांतीपर्यंतचा हा महिना. यात लग्नकार्य करत नाहीत, पण दानधर्म भरपूर करतात. थंडीत रस्त्यावरच्या कुत्र्या व्यालेल्या असतात, म्हणून सोसायट्या-सोसायट्यांतून कुत्र्यांसाठी लाडू करायची चाल आहे. गव्हाचं जाड पीठ, गूळ आणि तेल. मोठी कढई रस्त्यावर चुलीवर चढते, बायका ओळीने बसून लाडू वळतात, मग ते टोपल्यांत भरून गल्लीगल्लीतल्या कुत्र्यांना घालतात. आमच्या सोसायटीतही होतं. मी तेलाचा डबा दिला. कोणी मागितला नव्हता. ओळीत एकटं मराठी घर असलं की माणूस थोडं पुढे होऊन देतो. सेक्रेटरीने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, मला झारा हातात घेऊन कढई ढवळायला लावली, फोटो काढला. मला बरं वाटलं. ते लाडू रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी आहेत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. माझी कुत्री लॅब्रेडॉर, ती घरात राहते, तिला ताट आहे. तीही कुत्रीच आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही.

साखर पुन्हा चढायला लागली. आठचे दहा युनिट केले. उतरली नाही. दहाचे तेरा. उतरली नाही. डॉक्टरिणीने बाटली बदलून पाहिली, माझा हात तपासला, सुई तपासली. मग तिने विचारलं, "बाहर का कुछ खाती है?"

मी म्हणालो, नाही.

तिने पुन्हा विचारलं, घरात कोणी लाडाने काही देतं का? बिस्कीट, पोळीचा तुकडा? मी म्हणालो, माझ्या घरात माझ्या नकळत चमचा हलत नाही. बायकोला विचारून सांगतो, असं म्हणायलाही माझं तोंड उघडलं नाही. तिने तेराचे सोळा केले.

आणखी आठ दिवसांनी, एका रविवारी, मार्केट बंद म्हणून मी घरात पेपर वाचत बसलो होतो. दहाच्या सुमाराला बायकोने कुत्रीला ओट्यावर सोडलं, रोज सोडायची तशी. खिडकीतून मला समोरचं फाटक दिसत होतं. बा टोपली घेऊन बाहेर आल्या. कुत्री आमच्या फाटकाच्या फटीतून सरकून पलीकडे गेली, त्यांच्यासमोर न सांगता बसली आणि पंजा वर केला. बांनी एक लाडू दिला. तिने पंजा खाली घेतला, गिळला, पुन्हा वर केला. दुसरा. पुन्हा पंजा. तिसरा. हे एका दिवसाचं शिकलेलं नव्हतं.

मी बाहेर गेलो तो कसा गेलो ते मला आठवत नाही. चप्पल घातली नव्हती एवढं आठवतं. मी काय काय बोललो ते मात्र सगळं आठवतं. अर्धं गुजराती, अर्धं हिंदी, उरलेलं आमच्या बोलीत. कोणाला विचारून माझ्या जनावराला हात लावता, पुण्य करायचं तर स्वतःच्या घरचं कुत्रं पाळा, म्हातारपणी एवढी अक्कल नाही का. आजूबाजूच्या ओट्यांवर लोक आले. बांनी टोपली कमरेला धरून ठेवली होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाई, जीवने भूख्यो न रखाय." जिवाला उपाशी ठेवू नये. मग त्यांनी कुत्रीच्या बरगड्यांवरून बोट फिरवून दाखवलं, एक एक. एवढ्या मोठ्या घरची कुत्री आणि अशी वाळलेली. रोज फाटकाशी येऊन बघत बसते. त्यांना वाटलं होतं की आम्ही तिला खायला घालत नाही. मराठी लोक मोजून खातात, मोजून घालतात, असं कोणीतरी त्यांना सांगितलं असावं. आणि मोजून तर आम्ही घालतच होतो.

मी त्यांना रोग समजावून सांगू शकलो असतो. दोन मिनिटांचं काम होतं. पण मी म्हणालो, "तुम्ही माझ्या कुत्रीला विष घालताय."

कमुरत्यात, हातात दानाची टोपली असलेल्या सत्तर वर्षांच्या बाईला, दहा घरांसमोर. बांचा चेहरा बदलला. त्यांची थोरली सून आली, तिने त्यांच्या हातातून टोपली घेतली आणि त्यांना दंडाला धरून आत नेलं. माझ्या बायकोने मला आत बोलावलं नाही. ती स्वतःच आत गेली.

त्या दिवसापासून लाडू बंद झाले. मी म्हटलं तसंच झालं. मी जिंकलो.

संध्याकाळी सात वाजता मी बाटली तळहातांत फिरवत होतो तेव्हा बायको चुलीपाशी उभी होती. मागे न वळता म्हणाली, "आते लाडू बंद. मंग सुई तेवढीच कसाले?"

हा प्रश्न तिने विचारला होता, हे मला इथे लिहिलंच पाहिजे. माझ्याकडे उत्तर तयार होतं. धंद्यात एका बाजूने भाव पाडून घेतला आणि दुसऱ्या बाजूने मालही जास्त मिळाला, तर कोणी एक बाजू परत करत नाही. दोन्हीकडून दाबायचं. लाडू बंद झाले, सुई सोळावर आहे, आता साखर उतरेलच, आणि झटक्यात उतरेल. मी तिला तसंच सांगितलं. म्हणालो, मिळालेलं परत द्यायचं नसतं.

खरं कारण वेगळं होतं, आणि तेव्हाही ते मला माहीत होतं. डॉक्टरिणीने आपला नंबर दिला होता, रविवारीही करा म्हणाली होती. पण फोन केला असता तर मला सांगावं लागलं असतं की तुम्ही विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो ते खोटं निघालं. माझ्या घरात महिनाभर चमचाच काय, टोपली हलत होती. ते मला तिला सांगायचं नव्हतं. मी सोळा युनिट भरले आणि दिले.

सोमवारी सकाळी ती उठताना मागच्या पायांत जरा लडखडली. लाडवासाठी रुसली असेल, असं मी म्हणालो. तिने ताट पुरं केलं. मी पुन्हा सोळा दिले आणि मार्केटला गेलो.

अकरा-साडेअकराला एका मोठ्या लॉटची बोलणी चालू होती. समोरचा उतरायला लागला होता. अशा वेळी फोन घ्यायचा नसतो. फोन घेतला की समोरच्याला श्वास मिळतो आणि तो पुन्हा वर चढतो. बायकोचा फोन आला, मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदाही. मग अनोळखी नंबर आला. गिऱ्हाईक असेल म्हणून मी तो उचलला.

बा होत्या. त्यांनी कालचं काही काढलं नाही. एवढंच म्हणाल्या, "भाई, घेर आवो." घरी या.

मी लगेच उठलो असं मला लिहिता आलं असतं. पण मी शेवटचा आकडा बोललो, समोरच्याचा होकार घेतला, आणि मग उठलो. पाच मिनिटं लागली असतील.

रस्त्यात एक तास गेला. बायकोने नंतर सांगितलं ते असं. कुत्री ओट्यावर थरथरायला लागली, मग चार पाय ताठ करून पडली, तोंडातून फेस यायला लागला. बायकोने डॉक्टरिणीला फोन लावला. ती म्हणाली, साखर पडली आहे, ताबडतोब साखरेचं किंवा गुळाचं पाणी बोटाने हिरड्यांना चोळा, घशात ओतू नका, चोळत राहा आणि घेऊन या. घरात साखर होती. पण बायकोच्या हातातून डबा पडून ती फरशीभर सांडली. ती अनवाणी समोर धावली. गाडी कोणाकडेही नव्हती, सगळी माणसं कामावर गेलेली. बा गूळ घेऊन आल्या आणि ओट्यावर मांडी घालून बसल्या.

मी पोचलो तेव्हा त्या तशाच बसल्या होत्या. कुत्रीचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. साडी गुळाच्या पाण्याने भिजली होती. उजव्या हाताच्या बोटाला पदराचा फाटलेला तुकडा गुंडाळला होता आणि त्यातून रक्त येत होतं. झटक्यात दातखीळ बसली तेव्हा बोट आत होतं. डाव्या हाताने त्या अजून चोळत होत्या.

त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "सोय केटली मारी?" सुई किती दिलीस?

मी म्हणालो, सोळा.

सोळा म्हणजे किती, हे त्यांना कळण्याचं कारण नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "लाडु तो बंध हता ने." लाडू तर बंद होते ना.

ओरडून नाही. टोमणाही नव्हता. एखादी सून मीठ दोनदा टाकते तेव्हा सांगतात तसं.

दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावलं. डॉक्टरिणीने मला पुन्हा विचारलं, बाहेरचं काही खात होती का? मी सगळं सांगितलं. तिने कार्डावर ते लिहून घेतलं. बराच वेळ लिहीत होती. मग पेन बंद करून म्हणाली, "काका, एक फोन करना था." त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही.

कुत्री जगली. सगळ्यांनी मला तसंच सांगितलं, बघा, जगली. घरी आणली तेव्हा ती भिंतीला डोकं लावून उभी राहायची. खोलीत एकाच बाजूने गोल गोल फिरायची. तिच्या डोळ्यांत आधीपासून धुकं उतरत होतं, ते आता पुरतं पांढरं झालं. डॉक्टरीण म्हणाली, डोळे त्या दिवसामुळे गेले नाहीत, ते जाणारच होते. बाकीचं कशामुळे गेलं ते तिने सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी मी फोनवर कोणावर तरी ओरडत होतो. तिने कान मागे घेतले, सरपटत कपाटाच्या फटीत शिरली आणि तिथेच लघवी केली. माझा आवाज तिने तेव्हा पहिल्यांदा ऐकला असावा.

तेव्हापासून मी घरात हळू बोलतो. त्याचा काही उपयोग झाला नाही. मी जवळ गेलो की ती वास घ्यायची आणि मग मान फिरवायची.

सुई नऊवर आणली. साखर चढली. दहावर नेली, एकदम पडली, पुन्हा गूळ. पुन्हा आठ. मार्चपासून तिने खाणं टाकायला सुरुवात केली, आणि मग एक असा फास बसला की ज्याला मोकळं टोक नव्हतं. पोटात अन्न नसेल तर सुई द्यायची नाही, दिली तर पुन्हा झटका. सुई दिली नाही तर साखर चढते, रक्तात विष होतं, मळमळतं. मळमळलं की ती खात नाही. रोज सकाळी सात वाजता मी ताट घेऊन फरशीवर तिच्यासमोर पालथा पडायचो. उकडलेली कोंबडी, भात, ज्वारीच्या भाकरीचा कुस्करा, बोटावर घेतलेली दह्याची निवळी. एक घास घे, मी सात वाजताच्या ऐवजी नऊपर्यंत थांबतो. अर्धा घे. नुसतं चाट. आयुष्यभर मी समोरच्याच्या डोळ्यांकडे बघून ओळखलं आहे की तो कुठे तुटेल. हिच्या डोळ्यांत बघायलाच काही नव्हतं. बायको दारातून बघत उभी राहायची आणि एकदा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आते." मी ऐकलं नाही. आणखी दोन महिने मी ऐकलं नाही.

बा रोज ओट्यावर बसलेल्या असायच्या. त्यांचं बोट बरं झालं, पण वाकडंच राहिलं. सोसायटीत सगळे म्हणायचे की मराठीभाईची कुत्री बांनी वाचवली. कोणी असं म्हणालं नाही की महिनाभर लाडू कोणी घातले. मी एकदा सेक्रेटरीला ते ऐकवलं. तो म्हणाला, "तेल तर तुमचंच होतं, भाई." तो हसत होता. मी त्याच्याशीही बोलणं बंद केलं.

मेच्या शेवटी ती चार दिवस नुसतं पाणी पीत होती. चौथ्या दिवशी तेही उलटलं. तिच्या तोंडाला कुजलेल्या फळासारखा वास यायला लागला. डॉक्टरीण दुपारी घरी आली, खाली बसली, तिच्या छातीवर हात ठेवून राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली की आता आणखी एकच सुई उरली आहे, तुम्ही म्हणाल तर. दोन दिवस थांबलात तरी निकाल तोच आहे, फक्त ती दोन दिवस जास्त भोगेल.

मी हो म्हणालो. एवढ्या लवकर हो म्हणालेलं बायकोने मला कधी पाहिलं नव्हतं, ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी मानेमागची कातडी धरून द्यायला पुढे झालो, सवयीने. डॉक्टरिणीने माझा हात बाजूला केला आणि पुढच्या पायाची शीर शोधली.

कामरेजच्या पुढे ओळखीच्या एका माणसाच्या उसाच्या बांधावर तिला पुरलं. परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. थोड्या वेळाने बा पांढरी साडी नेसून आमच्याकडे आल्या, एखाद्याच्या घरी माणूस गेल्यावर बसायला जातात तशा. मी त्यांना फाटकातून येताना पाहिलं आणि माडीवर गेलो. खाली बायकोने त्यांना सतरंजी घातली. मग बा काहीतरी बोलल्या, मला शब्द कळले नाहीत, आणि माझी बायको रडायला लागली. या सगळ्या महिन्यांत ती माझ्यासमोर एकदाही रडली नव्हती. मी पायरीपर्यंत आलो आणि तिथे उभा राहिलो.

तिथे उभं राहून मी सगळं पुन्हा मांडून पाहिलं, पूर्वीही बऱ्याचदा पाहिलं होतं तसं. त्यांनी लाडू घातले नसते तर सोळा झालेच नसते. हे खरं आहे. त्यांचे तीन लाडू आणि माझे सोळा युनिट, यात माझी बाजू जड आहे, हेही खरं आहे. आणि ते बोट. मला खाली जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, मराठीत बोललो असतो तरी त्यांना समजलं असतं. ते वाक्य तोंडाशी आलं की त्याच्या आधी दुसरं यायचं, की पण तुम्हाला विचारायला काय झालं होतं. ते दुसरं गिळल्याशिवाय पहिलं निघत नव्हतं. बा तासभर बसल्या आणि उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्केटला जायला मी स्कूटर बाहेर काढली. सातची सुई नव्हती, म्हणून फार लवकर निघालो होतो. बा ओट्यावर होत्या. त्यांनी मला पाहिलं, वाकड्या बोटासकट दोन्ही हात जोडले आणि थांबल्या.

मी हेल्मेट घातलं.